आधी कमी करा, मग वाढा: दमून गेलेल्या क्रिएटिव्ह लीडरसोबत मी ज्या क्रमाने काम करते तो पूर्ण क्रम

"शेवटचं काहीतरी स्वतःच्या हाताने कधी बनवलंस?" मी कोच आहे, आणि पहिल्याच सेशनला मी हा प्रश्न विचारते. एका डिझाइन हेडला विचारला तेव्हा ती पटकन म्हणाली, मागच्याच महिन्यात, मग म्हणाली थांब हं बघते, आणि लॅपटॉप उघडून फोल्डर तारखेप्रमाणे लावून खाली खाली जायला लागली. प्रेझेंटेशन, बजेटची शीट, दुसऱ्यांच्या फाइलवर टाकलेल्या कमेंट्स, परत प्रेझेंटेशन. पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत तिने स्वतः केलेली फाइल सापडली ती १४ महिन्यांपूर्वीची, आणि ते एका सहकाऱ्याच्या निरोपाचं कार्ड होतं. ती बराच वेळ त्या कार्डाकडे बघत बसली, मी काही बोलले नाही.

ही गोष्ट आधी सांगितली कारण क्रिएटिव्ह लीडरचा बर्नआउट नुसत्या जास्त कामाचा नसतो. डिझायनर, लेखक, दिग्दर्शक, आर्किटेक्ट, स्टुडिओ चालवणारे, कंटेंट टीमचे हेड, ही सगळी माणसं ज्या कामावर जीव होता म्हणून या क्षेत्रात आली, ते काम चांगलं केलं म्हणून वर गेली, आणि वर गेल्यावर तेच काम हातातून सुटलं. ज्याने मन भरायचं ते गेलं आणि ज्याने माणूस रिकामा होतो ते तिप्पट झालं. म्हणून "थोडी सुट्टी घे" आणि "टाइम मॅनेजमेंट शिक" हे दोन्ही सल्ले अशा माणसाला पुरत नाहीत.

खाली जो क्रम देतेय तो मी क्लायंटसोबत वापरते तोच आहे, फार तर थोडा इकडेतिकडे होतो. कोच असेल तर त्याच्यासोबत करा, नसेल तर विश्वासातल्या एखाद्या माणसासोबत करा, पण अगदी एकट्याने नको, कारण दमलेलं डोकं स्वतःला फार पटकन पटवतं की "एवढा प्रोजेक्ट संपला की सगळं ठीक होईल." पूर्ण क्रमाला साधारण सहा महिने जातात. घाई केली तर परत पहिल्यापासून.

पायरी १: आधी हे नक्की काय आहे ते बघा

बर्नआउट हा शब्द आता कुठेही वापरतात, एक आठवडा जड गेला तरी लोक बर्नआउट म्हणतात, त्यामुळे आधी अर्थ पक्का करू. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये कामाच्या संदर्भात या थकव्याबद्दल लिहिलं, पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली बनवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची सविस्तर व्याख्या दिली, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तिथे तीन खुणा दिल्यात. एक, शक्ती संपणं. दोन, कामापासून मन तुटणं, म्हणजे आपल्याकडे ज्याला पाट्या टाकणं म्हणतात ते, किंवा कामाबद्दल कडवटपणा. तीन, आपल्याच्याने आता काही होत नाही असं वाटणं.

नुसती पहिली खूण असेल तर तुम्ही दमलाय, झोप आणि विश्रांतीने फरक पडेल. तिन्ही असतील आणि कित्येक आठवडे असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे. क्रिएटिव्ह लोकांमध्ये दुसरी खूण जरा लपून येते हे माझं निरीक्षण आहे. ते काम टाळत नाहीत, उलट जास्त करतात, फक्त कशाचंच काही वाटत नाही. टीममधल्या कोणीतरी खरंच सुंदर काही आणून दाखवलं आणि तुमच्या तोंडून फक्त "ओके, पाठव" निघालं, आत काहीच हललं नाही, तर ती खूण आहे.

आता एक गोष्ट मी कुठल्याच क्लायंटच्या बाबतीत सोडत नाही: कोचिंग सुरू करायच्या आधी डॉक्टरकडे जाऊन या. थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२, झोपेत श्वास अडकणं, यातलं काहीही असलं तरी माणूस असाच गळून जातो, आणि त्यावर कॅलेंडर बदलून काही होत नाही. डिप्रेशनचंही तसंच. बर्नआउट बहुतेक वेळा कामाभोवती फिरतो, डिप्रेशन मात्र सगळ्यावर पसरतं, ज्या गोष्टींचा कामाशी काही संबंध नाही त्यातूनही मन उडतं. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून स्वतःच निदान करू नका. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक चाळणी डॉक्टर वापरतात, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, त्यात १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाला भेटायलाच हवं. आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, अगदी अधूनमधून सुद्धा, तर त्याच दिवशी मदत घ्या, जवळच्या माणसाला सांगा. अशा वेळी कोचने थांबून तज्ज्ञाकडे पाठवायचं असतं, जो थांबत नाही तो कोच बदला.

कंपनी कोचचे पैसे देत असेल तर आणखी एक काम आधीच करा. सेशनमधलं काय वर जाणार आणि काय नाही हे तिघांनी बसून लिहून काढा. मी फक्त सेशन झालं की नाही एवढंच कळवते. हे स्पष्ट नसेल तर लीडर कोचसमोर पण उसनं अवसान आणतो आणि महिने वाया जातात.

पायरी २: पहिले सहा आठवडे कुठलंही ध्येय ठरवू नका

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या काळात एक क्लायंट आला होता, स्वतःची छोटी टीम, पूर्ण पिळून निघालेला, आणि मी शिकलेल्या पद्धतीने पहिल्याच दिवशी विचारलं की तीन महिन्यांत कुठे पोचायचंय. त्याने सुंदर ध्येयं लिहिली. सगळी पूर्ण केली, वेळेच्या आधी. आणि चौथ्या महिन्यात सकाळी उठताच येईना अशी अवस्था झाली. ध्येय पूर्ण करणं हीच ज्याची सवय आणि हाच ज्याचा त्रास, त्याच्या हातात मी अजून एक यादी दिली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यामुळे आता पहिले सहा आठवडे वाढ, व्हिजन, नवीन ऑफरिंग, नवीन माणसं घेणं, यातलं काहीही बोलायचं नाही. या काळात फक्त बघायचं आणि कमी करायचं. मोठे निर्णयही नाहीत, नोकरी सोडणं, स्टुडिओ बंद करणं, पार्टनर बदलणं, हे शक्य असेल तर पुढे ढकला. थकलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय बऱ्याचदा आगीतून फुफाट्यात नेतो, सहा महिन्यांनी तोच माणूस नव्या जागी त्याच अवस्थेत दिसतो. अपवाद एकच, जिथे अपमान, छळ किंवा धमकी आहे तिथून आधी बाहेर पडा, मग विचार करा.

पायरी ३: दोन आठवड्यांची नोंद

ही पायरी कंटाळवाणी आहे पण खरी माहिती इथेच मिळते. दोन आठवडे, रोज, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणाला एक अक्षर द्यायचं. ब म्हणजे बनवलं. ठ म्हणजे ठरवलं, कुठलातरी निर्णय दिला. स म्हणजे सांभाळलं, यात माणसं, क्लायंट, वाद, समजूत, मीटिंग सगळं आलं. व म्हणजे वाट बघितली किंवा वाया गेला. आणि त्या अक्षरापुढे अधिक, उणे किंवा शून्य, म्हणजे तो अर्धा तास संपल्यावर अंगात थोडं बळ आलं, गेलं, की काहीच नाही. बस. कारणं लिहायची नाहीत, सुधारायचं नाही, जसं चाललंय तसं चालू द्यायचं.

एका व्हिडिओ टीमच्या लीडची नोंद माझ्या डोळ्यांसमोर आहे. मंगळवारची ओळ: सकाळपासून अकरा वेळा स, तीन ठ, आणि रात्री १०.४० ला एकुलता एक ब. पण आम्हा दोघांना धक्का बसला तो उण्यांकडे बघून. त्याला वाटत होतं की दोन दोन तासांच्या क्लायंट मीटिंग त्याला खातायत. त्या मीटिंगपुढे बहुतेक शून्य होतं. उणे होतं ते रोजच्या पंधरा मिनिटांच्या एका चेक-इनपुढे, दहाच्या दहा दिवस, जिथे त्याला टीमचं काम अशा माणसासमोर डिफेंड करावं लागायचं ज्याने ते काम उघडूनही बघितलेलं नसायचं. पंधरा मिनिटं! वेळेच्या हिशोबात ती कुठेच दिसली नसती.

म्हणून मी तासांच्या नोंदीवर कधीच समाधान मानत नाही, पुढचं अधिक-उणे लागतंच. दोन आठवड्यांनी तुमच्या हातात तीन आकडे असतील: ब किती, सगळ्यात दाट उणे कुठे, आणि अधिक कुठे. तिसरा आकडा छोटा असतो, पण असतो, तो नीट जपून ठेवा, पायरी ६ ला लागेल.

पायरी ४: नेमकं कुठे फाटलंय

मास्लाक आणि मायकल लाइटर यांनी कामाच्या सहा बाजू सांगितल्यात जिथे माणूस आणि काम यांचं जमेनासं झालं की बर्नआउट येतो. कामाचा भार, कामावरचं नियंत्रण, मोबदला आणि दाद, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. प्रत्येक बाजूत तुमचं कितपत जमतंय याला स्वतःच १० पैकी मार्क द्या, पटकन, पहिला जो आकडा येईल तो.

आता गंमत अशी की जवळजवळ सगळे जण येताना "भार" म्हणत येतात, आणि मार्क देताना भाराला पाच-सहा देतात आणि नियंत्रण किंवा मूल्यं यांना दोन. नियंत्रण म्हणजे काय, तर शेवटी काम कसं झालं याची जबाबदारी तुमची, पण किती दिवस, किती पैसे, कोणती माणसं, कुठल्या आवृत्तीला हो म्हणायचं हे दुसरा ठरवणार. मागणी खूप आणि हातात काही नाही, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त ताण देते हे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. मूल्यांचं त्याहून अवघड. ज्या कामाची तुम्हाला लाज वाटते त्याच कामासाठी तुम्हाला टीमला जोशात आणायचंय, आणि हे रोज करायचंय.

सगळ्यात कमी मार्कांच्या बाजूपासून सुरू करा, भार कमी करून नियंत्रणाचा प्रश्न सुटत नाही. नियंत्रण कमी असेल तर वरच्या माणसाशी एकच बोलणं करायचं, आणि ते तक्रारीच्या सुरात नको, नोंदवही समोर ठेवून करायचं: "या तीन निर्णयांची जबाबदारी माझ्यावर आहे पण अधिकार नाही. यातला हा एक अधिकार मला पुढच्या तीन महिन्यांसाठी द्या, मग बघू काय फरक पडतो." मुदत घातली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. दाद कमी असेल तर मागून घ्या, होय, मागून, वरच्या पदावरच्या माणसाचं कौतुक करायचं असतं हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. सोबतची माणसं कमी असतील तर तुमच्याच पातळीवरचे, पण दुसऱ्या ठिकाणचे दोन-तीन जण शोधा, टीमसमोर जे बोलता येत नाही ते बोलायला. न्याय आणि मूल्यं दोन्ही तळाला असतील आणि बोलूनही हलत नसतील, तर तिथे थांबायचं की नाही हा प्रश्न खरा आहे, पण तो सहा आठवडे झाल्यावर.

पायरी ५: कमी करणं, आणि इथेच घोडं पेंड खातं

एक कोरा कागद घ्या आणि "हे माझ्याशिवाय होत नाही" असं जे जे आहे ते सगळं लिहा. छोटंही. कोणाच्या सुट्टीला हो म्हणणं, फाइलींना नावं देण्याची पद्धत, महिन्याचं न्यूजलेटर, त्या जुन्या क्लायंटचे रात्रीचे मेसेज. लोक सांगताना दहा-पंधरा सांगतात, कागदावर चाळीसच्या आसपास येतात. मग प्रत्येकापुढे चारपैकी एक: बंद, दुसऱ्याला, कमी प्रतीचं चालेल, किंवा माझंच. "माझंच" मध्ये सातपेक्षा जास्त नकोत. सात हा काही शास्त्रातून आलेला आकडा नाही, माझ्या अनुभवाचा आहे, तुम्ही सहा करा, आठ करा, पण मर्यादा हवी.

"बंद" मध्ये काहीतरी टाकलंच पाहिजे. ज्या गोष्टीबद्दल खात्री नाही ती न सांगता महिनाभर थांबवून बघा, कोणी विचारलं तर परत सुरू करता येते. बहुतेकदा कोणी विचारत नाही.

"दुसऱ्याला" ही खरी अवघड रांग आहे, कारण क्रिएटिव्ह लीडर काम देतो पण नजर देत नाही. मनात जे चित्र आहे ते सांगितलेलंच नसतं, माणूस आपल्या परीने करून आणतो, आणि मग डेडलाइनच्या आदल्या रात्री लीडर स्वतः बसून सगळं बदलतो. दोघंही जळतात. त्याचं काम पुसलं गेलं म्हणून तो, आणि "शेवटी मलाच करावं लागतं" म्हणून लीडर.

यावर मी दोन गोष्टी करून घेते. पहिली, तुमची नजर कागदावर आणा. तुम्ही पास केलेली पाच कामं आणि परत पाठवलेली पाच कामं शेजारी ठेवा, प्रत्येकाखाली एकच वाक्य, का. "चांगलं वाटलं नाही" हे वाक्य चालणार नाही. "पहिल्या तीन सेकंदांत कशाबद्दल आहे ते कळत नाही" हे चालेल. दहा वाक्यं झाली की टीमला दाखवा आणि त्यांना विचारा यातलं कुठलं पटत नाही. ही दुपार नंतरच्या कित्येक रात्री वाचवते. दुसरी गोष्ट, फीडबॅक कधी द्यायचा ते बांधून घ्या. काम अगदी कच्चं असताना एकदा, तेव्हा फक्त दिशेबद्दल बोलायचं, रंग, शब्द, कटिंग यावर अवाक्षर नाही. अर्ध्यावर एकदा. आणि शेवटी फक्त चुका, तेव्हा दिशा बदलायची नाही, दिशा चुकली असेल तर ती तुमची पहिल्या वेळची चूक समजायची आणि पुढच्या कामात सुधारायची. हे शेवटचं पाळताना लोकांच्या जिवावर येतं. एखादं काम तुमच्या मनासारखं नसताना बाहेर जाईल, पहिल्यांदा पोटात गोळा येईल, तेव्हा कोचला फोन करा पण फाइल उघडू नका.

नाही म्हणायचे शब्द आधीच तयार ठेवा, ऐनवेळी भिडेखातर तोंडातून हो निघतंच. मी क्लायंटला त्यांच्या बोलीत तीन वाक्यं लिहायला लावते. उदाहरणार्थ: "हे करायला आवडलं असतं, पण आत्ता घेतलं तर नीट होणार नाही आणि ते मला नकोय." किंवा, "हे घेते, पण मग त्या दोनपैकी एक पुढे जाईल, कोणतं नेऊ सांगा." दुसरं वाक्य वरच्या माणसासाठी फार कामाचं आहे, कारण त्यात नकार नाही, निवड त्याच्याकडे आहे. किंवा नुसतं, "उद्या सांगते." ही एक रात्र मिळाली तरी निम्मे होकार टळतात.

पायरी ६: विश्रांती आणि हात, दोन्ही परत आणा

सुट्टीचा फायदा होतो, नाही असं नाही, पण परत आल्यावर तेच काम तसंच समोर असेल तर काही आठवड्यांतच तो ओसरतो. म्हणून रोजच्या रोज भरून निघणं जास्त महत्त्वाचं. झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रित्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कशाने भरून निघतो त्याचे चार प्रकार मांडले: डोक्यातून काम पूर्ण सुटणं, आराम, कामाबाहेरचं काहीतरी नवीन शिकून जमायला लागणं, आणि आपला मोकळा वेळ आपल्या मर्जीने घालवणं. सोफ्यावर पडून फोन बघताना आराम थोडाफार असेल, बाकी तीन नसतात, आणि त्यात कामाचे मेसेज आले की तो आरामही गेला.

डोक्यातून काम सुटावं यासाठी दिवस संपवायची एक ठरलेली पद्धत हवी. शेवटची दहा मिनिटं, अर्धवट राहिलेल्या तीन गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे उद्या कधी आणि पहिलं काय करणार ते लिहा. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं दिसलं की अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण त्याचा नेमका प्लॅन केला की काम पूर्ण न होताही ते घोळणं कमी होतं. मग लॅपटॉप बंद, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत. झोपेबद्दल वेगळं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, फक्त एवढंच की पहिल्या महिन्यात झोप सुधारली नाही तर पुढच्या पायरीवर मी जातच नाही.

आता हात. आठवड्यात दोन वेळा, प्रत्येकी दीड तास, स्वतः बनवायचं. तुमच्या नोंदीत जिथे अधिक होतं तिथून सुरू करा. तीन अटी आहेत. हे क्लायंटसाठी नाही, कोणाला दाखवायचं नाही, आणि पूर्ण करायची सक्ती नाही. वेळ सकाळची ठेवा, मीटिंगच्या मध्ये कोंबू नका. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामातून दुसऱ्यात गेलं तरी लक्षाचा एक भाग मागच्या कामाला चिकटून राहतो, विशेषतः ते अर्धवट असेल तर, आणि मीटिंग जवळजवळ नेहमीच अर्धवट संपतात.

पहिली दोन-तीन सत्रं वाईट जातात हे आधी सांगून ठेवते, म्हणजे घाबरायला नको. हात जड असतो, जे बनतं ते नवशिक्यासारखं दिसतं, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांचं काम तपासून तपासून डोळा इतका तयार झालेला असतो की स्वतःची पहिली रेघच सहन होत नाही. एका लेखकाने, ज्याच्या हाताखाली आठ लेखक होते, पहिल्या दीड तासात चार ओळी लिहिल्या आणि चारही खोडल्या. मी त्याला म्हटलं पुढच्या वेळी पेनने लिही आणि खोडायचं नाही, वाईट लिहिलेलं तसंच राहू दे. पाचव्या की सहाव्या वेळी त्याचा मेसेज आला, "आज वेळ संपली ते कळलं नाही." त्या मेसेजची मी वाटच बघत असते, कारण इथून पुढे वाढीबद्दल बोलता येतं.

पायरी ७: आता वाढ, पण जागा ठेवून

साधारण तिसरा-चौथा महिना. आता माणसाला बरं वाटायला लागतं आणि हीच सगळ्यात धोक्याची वेळ, कारण बरं वाटलं की तो लगेच सगळं परत अंगावर घेतो.

इथे मी रांगांचं एक साधं गणित दाखवते. एकच खिडकी आहे, लोक केव्हाही येतात, प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो. खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर येणाऱ्याला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं. ९० टक्के असेल तर नऊपट. ९५ टक्के असेल तर १९ पट. म्हणजे शेवटचे पंधरा टक्के भरले की काम थोडं वाढत नाही, सगळंच तुंबतं. ती खिडकी म्हणजे तुमचं कॅलेंडर. आजारी पडलेलं मूल, बदललेलं ब्रीफ, टीममधल्या कोणाचा राजीनामा, हे सगळं न सांगता येणारच आहे. म्हणून आठवडा चार पंचमांशापेक्षा जास्त भरायचा नाही, आणि उरलेली जागा दिसली की तिथे मीटिंग टाकायची नाही, टीमलाही टाकू द्यायची नाही.

मग तीन महिन्यांसाठी वाढीची एकच दिशा. मोठं व्हायचंय, खोल जायचंय, की कमी काम करून जास्त मोबदला घ्यायचाय? तिन्ही चांगल्या आहेत, एकदम तिन्ही नको. बरेच जण मोठं होणं हेच वाढणं धरून चालतात, आणि जास्त माणसं म्हणजे जास्त "स", कमी "ब", म्हणजे आपण जिथून सुरुवात केली तिथेच. मी कोणाला टीम मोठी करू नका असं सांगत नाही, फक्त त्यात तुमचा ब किती उरणार ते आधी कागदावर दाखवा म्हणते.

नवीन जे काही घ्याल ते सहा आठवड्यांचा प्रयोग म्हणून घ्या, आणि ते घेताना काय बाहेर जाणार त्याचं नाव लिहा. नाव नसेल तर घेता येणार नाही, या नियमाला मी सूट देत नाही. शिवाय सुरू करतानाच लिहायचं की काय दिसलं तर थांबणार. "टीमला दोनदा रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं" ही चांगली खूण आहे, "जास्त झालं तर" ही नाही, कारण जास्त झालंय हे तुम्हाला त्या वेळी कळणारच नाही. सहा आठवड्यांनी ठेवायचं, बदलायचं की सोडायचं ते ठरवा. सोडलं तर टीमला कारणासकट सांगा, म्हणजे त्यांनाही सोडायची मुभा मिळते. लीडर रात्री बारा वाजता मेसेज टाकतो आणि वर म्हणतो "उद्या बघितलं तरी चालेल", तेव्हा कोणीही उद्या बघत नाही हे लक्षात असू द्या.

सेशन या काळात महिन्यातून एक पुरतं. कोचची गरज कमी होत जायला हवी. सहा महिन्यांनंतरही दर आठवड्याला कोच लागत असेल तर कुठलीतरी पायरी राहिली आहे, बहुतेकदा चौथी.

पायरी ८: परत घसरायच्या आधीच्या खुणा

बर्नआउट परत येऊ शकतो, आणि प्रत्येकाकडे तो आपापल्या रस्त्याने येतो, त्यामुळे तयार यादी कामाची नाही. मागच्या वेळी सगळ्यात आधी काय बदललं होतं ते आठवून पाच ओळी लिहा. मोठ्या गोष्टी नकोत, तोपर्यंत उशीर झालेला असतो. कोणी मित्राचा फोन उचलायचं टाळायला लागतो, कोणी रविवारी संध्याकाळी चिडचिड करतो, कोणाचं वाचन थांबतं. मग ही यादी स्वतःजवळ ठेवू नका, जवळच्या एका माणसाला द्या आणि त्याला परवानगी द्या की यातल्या दोन दिसल्या तर मला थांबव, आणि मी "ठीक आहे गं" म्हटलं तरी ऐकू नकोस. दोन खुणा दिसल्या तर करायचं एवढंच: त्या आठवड्यात नवीन काही घ्यायचं नाही आणि पायरी ३ ची नोंद परत सुरू करायची.

त्या डिझाइन हेडने तिच्या पाच ओळी नवऱ्याकडे दिल्यात, त्याने त्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवल्यात. तिसरी ओळ अशी आहे: "तीन आठवडे झाले आणि फोल्डरमध्ये माझी स्वतःची एकही फाइल नाही."